पिवळ्या फडक्याचा लॅपटॉप

माझ्या दुकानात एक नियम आहे. तो मीच केलाय, त्यामुळे तो मोडल्याबद्दल मी नवऱ्यालासुद्धा कधी सोडलेलं नाही. पुसायला म्हणून लॅपटॉप आला की आधी त्यातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. ते गिऱ्हाइकाला उघडून दाखवायचं, कागदावर सही घ्यायची, आणि मग कीबोर्ड आणि पडदा यांच्यामध्ये पिवळं फडकं घालून झाकण लावायचं. फडक्याचं टोक बाहेर लोंबत ठेवायचं. टोक दिसलं की समजायचं, हे मशीन पुसायला मोकळं. आधी चिठ्ठ्या लावून बघितल्या होत्या, पण चिठ्ठ्या गळून पडतात, एकाची दुसऱ्याला चिकटते. फडकं पडत नाही. अकरा वर्षांत एकदाही घोटाळा झाला नाही, हे मी येईल त्याला ऐकवत आले. नवरा म्हणायचा, "अगं, आता त्या फडक्याला एक हार घाल."

पुसणं म्हणजे फॅक्टरी रीसेट. मशीन कारखान्यातून निघालं तेव्हा जसं कोरं होतं, तसं परत कोरं करायचं. फोटो, पत्रं, पासवर्ड, कोणाची काय लफडी असतील ती, सगळं साफ.

आमचं दुकान पुढे आणि घर मागे. घरात आम्ही दोघं आणि माझी मावशी, आईची धाकटी बहीण. मावशीनं लग्न केलं नाही. सव्वीस वर्षं तिनं लोकांना गाडी चालवायला शिकवली. शेजारच्या सीटवर बसून ओरडायचं, हाच तिचा धंदा. "समोर बघ! आरशात तोंड काय बघतेस? ब्रेक! अरे ब्रेक म्हणजे डावीकडचा नव्हे रे बाबा, मधला!" तिचा आवाज पलीकडच्या चौकातून ओळखू यायचा. आणि नेमकी त्याच आवाजाच्या पेटीत गाठ निघाली. डॉक्टरांनी समोर बसवून आडपडदा न ठेवता सांगितलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला पुढून एक भोक राहील, त्यात नळी, श्वास तिथूनच. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही.

मी तिथेच रडायला लागले. मावशी डॉक्टरांना म्हणाली, "मग मी ओरडू कशी?"

हॉस्पिटलात अशा लोकांना पुन्हा बोलायला मदत करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी मार्ग सुचवला. ऑपरेशनच्या आधी मावशीनं रोज लागणारी वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर ती तिच्या फोनमध्ये घालायची, बटण दाबलं की तिचाच आवाज. बाकीचं टाइप करून बोलायला फोनमध्ये एक तयार बाई असतेच. मावशीनं त्या तयार बाईचा आवाज ऐकला आणि नाक मुरडलं. "ही मला 'तुमची गाडी फलाट दोनवर येत आहे' असं सांगणार. हिच्या तोंडून मी बोलायची? मरण परवडलं."

मी तिला एक जुना काळा लॅपटॉप दिला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, लांब टेबलाच्या टोकाला बसवलं. चोवीस दिवस ती रोज तिथे बसली. एका दिवसात बारा-पंधरा वाक्यं व्हायची, मग आवाजाची नुसती वाफ व्हायची आणि ती हात हलवून थांबायची. बाईंनी दिलेली यादी छापील होती. 'कृपया मला पाणी द्यावे.' मावशी म्हणाली, "असं कोण बोलतं मेलं?" तिनं सगळी यादी पेनानं खोडून आपल्या भाषेत आणली. "पाणी आण गं." "गॅस बंद केला का बघ." यादीत होतं, 'मला श्वास घेण्यास त्रास होत आहे, कृपया त्वरित मदत करा.' मावशीनं केलं, "जीव गुदमरतोय, धावत ये!" आणि वर मला म्हणाली, "त्यांचं वाक्य संपेपर्यंत माणूस आटोपेल." यादी संपल्यावर तिनं स्वतःचं एक पान लिहिलं, घरातल्यांसाठी. असं करून तीनशे बारा वाक्यं झाली. शेवटची वाक्यं झाली त्या संध्याकाळी ती हॉस्पिटलात दाखल झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला ऑपरेशन होतं.

आणि त्या तीनशे बारा वाक्यांची मी दुसरीकडे नक्कल करून ठेवली नव्हती. लोकांना दिवसभर उपदेश करणारी मी. रोज म्हणायचे, सगळं झालं की एकदम उतरवून घेऊ.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला त्या बाईंचा फोन आला. "रेकॉर्डिंग आज संध्याकाळपर्यंत आणून द्या. मी फोनमध्ये घालून तयार ठेवते. शुद्धीवर आल्या की हातात आवाज हवा."

"आत्ता आणते," म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले.

मावशीच्या जागी लॅपटॉप नव्हता. फळीवर नव्हता, कपाटात नव्हता. त्या दिवशी एका टायपिंग क्लासचे पाच लॅपटॉप पुसायला होते. साडेबाराला मी टेबलावरची पिवळ्या टोकांची मशीनं एकेक करून उघडली होती, फडकी काढून बाजूला टाकली होती आणि सगळ्यांना रीसेट लावून जेवायला गेले होते. मशीन सुरू होताना एक कळ दाबून धरली की थेट पुसायचा मेनू येतो. आत कोणाचं काय आहे ते दिसतही नाही. सगळी मशीनं काळीच, एकाच बनावटीची. सगळ्यांच्या पडद्यावर तेच निळं, तेच गोल गोल फिरणारं चाक.

मी मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

पुन्हा मोजली. सहाच. बाजूला पडलेली फडकी मोजली, तीही सहा. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मावशीनं चोवीस दिवस मला लॅपटॉप मिटताना बघितलं होतं. फडकं घालायचं, झाकण लावायचं. तिला वाटलं, मशीन नीट ठेवायचं म्हणजे असंच ठेवतात. काम संपल्यावर तिनं पडदा पुसला असणार, मी शाबासकी द्यावी अशा टापटिपीनं फडकं घातलं असणार आणि टोक बाहेर ठेवलं असणार. सहाव्या मशीनच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका होता, पडलेली खाच भरायला मावशीनं लावलेला. पडद्यावर लिहिलं होतं, एक्केचाळीस टक्के पूर्ण. मशीन बंद करू नका.

"अहो!" मी इतक्या जोरात ओरडले की नवरा पुढून धावत आला. "मावशीचं मशीन पुसतंय! मी लावलंय!"

"काय सांगतेस?"

"बघत काय बसलात, वायर काढा!"

वायर काढून काय होणार, आत बॅटरी होती. आकडा बेचाळीसवर गेला. मी मशीन उलटं केलं.

"मध्येच तोडलंस तर ते कायमचं मरेल," नवरा म्हणाला. हा माणूस घर पेटलं तरी आधी चपला घालेल असा आहे.

"मरू दे मेलं!" मी दोन्ही खिट्ट्या सरकवल्या आणि बॅटरी उपटून काढली. चाक थांबलं, पडदा काळा झाला. खोलीत बाकीच्या पाच मशीनांच्या पंख्यांचा आवाज तेवढा उरला. स्क्रूड्रायव्हर शोधताना मी दोनदा तोच हातात घेऊन बाजूला ठेवला.

नुसतं 'सगळं काढून टाका' एवढंच दाबलं असतं तर काळजी नव्हती, ते वरवरचं असतं. पण क्लासच्या मशीनमध्ये मुलांचे फोटो, पत्ते असतात, म्हणून मी त्याखालचं 'डिस्क पूर्ण साफ करा' हेही दाबते. मग मशीन डिस्कच्या एका टोकापासून निघतं आणि प्रत्येक जागेवर कोरं काहीतरी लिहीत जातं. जिथे लिहिलं तिथलं जुनं गेलं. ते जगात कोणीही परत आणू शकत नाही. जिथे अजून पोचलं नाही, तिथलं फक्त शोधायचं.

मी डिस्क बाहेर काढली, माझ्या मशीनला जोडली आणि शोधायचा प्रोग्रॅम लावला. त्यानं वेळ सांगितली, एक तास पन्नास मिनिटं. हॉस्पिटलात भेटायची वेळ चार ते सहा. मी घड्याळ बघत बसले. नवऱ्यानं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

"दुसरं काही असेल की तिच्या आवाजात," तो म्हणाला. "लग्नांचे व्हिडिओ वगैरे."

"त्यात ती लाउडस्पीकरवर ओरडतेय आणि मागे शंभर माणसं जेवतायत. त्यातून काय काढणार?"

फोनवर निरोप पाठवायचा तर मावशी टाइप करायची. स्वतःचा आवाज ऐकायला तिला आवडत नसे. खोटं कशाला बोलू, मी त्या दोन तासांत देवाला नाही नाही ते कबूल केलं.

फाइली एकेक करून वर यायला लागल्या. नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. पहिली उघडली तर नुसती खरखर. दुसरीत खरखर. तिसरीत खरखर झाली, खोकला आला आणि मावशी म्हणाली, "गॅस बंद केला का बघ." मी तिथेच खुर्चीत वाकून रडले. नवऱ्यानं पाठीवर हात ठेवला तर मी त्याच्यावरच खेकसले, "रडू देऊ नका, वेळ नाही!"

शोध संपला तेव्हा सत्त्याण्णव फाइली हाताला लागल्या होत्या. आम्ही दोघं वाटून घेऊन ऐकत गेलो. सुरुवात ऐकायची, वाक्य ओळखायचं, मावशीच्या यादीवर बरोबरची खूण करायची. कितीतरी फाइली आतून पोकळ होत्या. साडेचारला यादीवर पंचावन्न खुणा होत्या. छापील यादीतली बरीचशी, नवऱ्याच्या नावची एक, दूधवाल्याची एक, शेजारणीची एक. मावशीनं स्वतः लिहिलेल्या पानावर पहिलंच वाक्य माझं होतं. "ढमे, ए ढमे, इकडे ये जरा." लहानपणी मी गुबगुबीत होते, तेव्हापासून जगात एकच माणूस मला ढमी म्हणतं. त्या वाक्यापुढे खूण नव्हती.

"उद्या सकाळी तिचं ऑपरेशन आहे," नवरा हळूच म्हणाला. "आज सांगू नकोस. शांतपणे जाऊ दे तिला. नंतर सांगू, मशीन बिघडलं म्हणून."

"नंतर? नंतर ती काय करणार, मुंडी हलवणार?"

"आणि आज काय करणार?"

"आज तिला आवाज आहे. उद्या सकाळी सातपर्यंत आहे. तो कशावर खर्चायचा ते तिनं ठरवायचं, मी नाही आणि तुम्हीही नाही."

तो म्हणाला, "तू हो पुढे. मी या पंचावन्न शेवटपर्यंत ऐकून बघतो." मी चांगला लॅपटॉप, माइक आणि यादी पिशवीत घातली. वाटेभर मी खोटं घोळवत गेले. मशीन बिघडलं. वीज गेली. व्हायरस आला. आणि एक तर खोटंही नव्हतं, फडकं तूच घातलंस म्हणून.

मावशी खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. शेजारची खाट रिकामी होती. डॉक्टरांनी दुपारपासून तिला बोलू नको सांगितलं होतं, घसा सुजला होता. हातात वही-पेन होतं. मला बघून तिनं भुवया उडवल्या, म्हणजे काय गं, चेहरा का असा?

"मावशी, ते मशीन..." मी सुरुवात केली आणि पुढचं खोटं जिभेवर आलं ते तिथेच अडकलं. तिनं बोटानं खूण केली, पुढे बोल.

"मी पुसलं. माझ्या हातानं. क्लासची मशीनं समजून रीसेट लावलं. थांबवलं, पण अर्धं गेलं होतं. तीनशे बारातली पंचावन्न उरली."

मला वाटलं आता ओरडेल. खरं तर मला तेच हवं होतं, तिनं मला गाढव म्हणावं, शेजारच्या वॉर्डात ऐकू जाईल असं झापावं. तिनं हात उगारलासुद्धा. मग तो तसाच खाली घेतला आणि घशाकडे नेला. एक शब्दही खर्च केला नाही. वहीत लिहिलं, 'आता रडलीस तर बघ. यादी काढ.'

मी यादी पसरली. पाचच्या सुमारास आम्ही सुरू केलं. मावशीनं पेनानं गोल केले, हे हवं, हे नको. 'रेडिओ लावा' नको. 'डोकं दुखतंय' नको, त्याला कपाळावर हात ठेवला की पुरे. माणसानं घर सोडताना एकच पिशवी घ्यावी तशी ती निवडत होती. मग पाण्याचा घोट घेतला, माइकपुढे वाकली.

"पोटात दुखतंय, डॉक्टरांना फोन लाव." झालं.

"मला झोपू द्या." झालं.

"नको म्हटलं ना एकदा." हे बोलताना तिला जरा हसूही आलं.

सात वाक्यांपर्यंत आवाज होता तसा होता. आठव्यात फाटला. ते तीनदा घ्यावं लागलं. मी तिला थांबवलं, तर तिनं घड्याळाकडे बोट दाखवलं. सिस्टर डोकावल्या. "यांनी बोलायचं नाहीये, माहीत आहे ना?" मी हात जोडले. "सिस्टर, सहापर्यंत. मग मीच जाते." त्यांनी माइककडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं.

दहा. अकरा. मध्ये तीन-तीन मिनिटं नुसतं पाणी आणि श्वास. तेराव्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखत होतं म्हणून. मी म्हणाले, "पुरे मावशी." तिनं माझ्या हातावर चापट मारली. पंधरा. सोळावं वाक्य झालं तेव्हा माइकवर निम्मी वाफच आली, पण कळत होतं.

सहाला आठ मिनिटं कमी होती. मावशीनं छापील यादी बाजूला सारली. आपलं लिहिलेलं पान पुढे ओढलं आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. मग ते बोट माझ्याकडे केलं, आणि मग एकच बोट वर धरलं. म्हणजे एक शेवटचं, आता हे. तिनं उशी पाठीशी घेतली, ताठ बसली, गार पाण्यानं ओठ ओले केले.

त्याच वेळी माझा फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता. 'जीव गुदमरतोय वाली फाइल अर्धीच आहे. "जीव गुद" एवढंच. पुढे खरखर. आपण सुरुवात ऐकून खूण केली होती.'

मी तो निरोप दोनदा वाचला. मावशीनं मान उडवली, काय म्हणून. मी म्हणाले, "काही नाही."

खरंच म्हणाले मी तसं. त्या खोलीत त्या निरोपाचं फक्त मला माहीत होतं. मला ते माझं वाक्य हवं होतं हो. जन्मभर ऐकलेली हाक, उद्यापासून नाही. पुढे कधी घरात एकटी बसले असताना कानावर पडली तर मी जगेन असं मला वाटत होतं. नळी अडकली तर बेल आहे, आम्ही आहोत, भिंतीवर थाप मारता येते. असं सगळं मी त्या अर्ध्या मिनिटात स्वतःला पटवून दिलं. मावशीनं श्वास आत घेतला आणि तोंड उघडलं.

"थांब," मी म्हणाले. "मावशी, थांब. ते नको."

मी तिच्यापुढे फोन धरला. तिनं वाचलं. मी छापील यादीवरचं ते वाक्य शोधून बोट ठेवलं. तिनं मान हलवली, नाही. आपल्या पानावर बोट आपटलं. मी म्हणाले, "मावशी, मी दुकानात असणार, पंखे चालू असणार. तू गुदमरलीस आणि मला ऐकूच आलं नाही तर? दोन्ही होत असतील तर दोन्ही कर. पण आधी हे."

ती माइककडे वळलीच नाही. माझ्याकडेच बघत, होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणाली, "जीव गुदमरतोय, धावत ये!"

गाडीत बसून ओरडायची तसाच आवाज निघाला. बाहेर सिस्टरांची पावलं धावत आली. मी हात हलवून सांगितलं, काही नाही, रेकॉर्डिंग आहे.

मावशी पाणी प्यायली. तिनं पानावर बोट ठेवलं, श्वास घेतला. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, माझं नाव ओठांवर दिसलं, आवाज नव्हता. तिसऱ्यांदा करायला लागली तेव्हा मी माइक बंद केला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. या वेळी तिनं रडू दिलं. सहाला सिस्टर आल्या.

ऑपरेशन नीट झालं. त्याला आता चार महिने झाले. चोपन्न आणि सतरा, एकाहत्तर वाक्यं मावशीच्या गळ्यात अडकवलेल्या फोनमध्ये आहेत. फडक्याचं मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. "गॅस बंद केला का बघ" दिवसातून तीसदा होतं. "जावईबापू, पेपर द्या इकडे" म्हटलं की नवरा पेपर नेऊन देतो. दूधवाल्याशी ती भांडते, शेजारणीला "ये ना, बस" म्हणते. मला बोलवायला मात्र काहीच नाही. मी बेल आणून दिली, तर तिनं वहीत लिहिलं, 'मी काय शाळेतली शिपाई आहे?' टाळी वाजव म्हटलं, तर लिहिलं, 'टाळीनं मांजर हाकलतात.' शेवटी मी तयार बाईच्या आवाजात माझं नाव टाइप करून ठेवलं. तिनं ते माझ्यासमोर पुसून टाकलं.

मग एका दुपारी मी दुकानात एक मशीन उघडून बसले होते आणि आतून मोठ्यानं आलं, "जीव गुदमरतोय, धावत ये!"

हातातलं सगळं टाकून मी पळाले. दाराला खांदा लागला, स्टूल आडवं झालं. मावशी खिडकीशी बसली होती. नाकावर चष्मा, एका हातात सुई, दुसऱ्या हातात दोरा. श्वास अगदी व्यवस्थित चालला होता.

"अक्कल आहे का?" मी ओरडले. "जीव गेला ना माझा! दोरा ओवायला असं बोलावतात?"

तिनं मला पोटभर ओरडू दिलं. माझं संपल्यावर तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि सगळी यादी वरून खाली सावकाश सरकवून दाखवली, एकाहत्तरच्या एकाहत्तर. मग त्या एका वाक्यावर बोट ठेवलं आणि ते बोट माझ्याकडे केलं.

मी खाली बसले आणि सुईत दोरा ओवून दिला. बराच वेळ लागला, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

तेव्हापासून ती मला दिवसातून चार-पाचदा असंच बोलावते. चष्मा सापडत नाही, खिडकी लागत नाही, कधी नुसतं जवळ बसायला. नवरा वैतागतो. खरंच गुदमरल्या तर कळणार कसं, म्हणतो. मला कळणार नाही. म्हणून मी दर वेळी धावतच जाते.